आधी कोणाकडे जायचं?



गेले काही महिने आमच्या केंद्रावर एक तरुण सिस्टर येते. नाइट ड्युटी संपवून सकाळी येते, मागच्या खोलीतल्या टेबलाशी तासभर बसते आणि मग घरी जाते. केंद्राकडे तिने सल्ला मागितला नव्हता की मदत. तिला हवी होती फक्त एक शांत जागा. अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचं तर एनक्लेक्स नावाची लायसेन्सची परीक्षा द्यावी लागते, तिची ती तयारी करते आहे. मी आयुष्यभर नर्सिंग केलं, शेवटची काही वर्षं मुलींना शिकवलं, हे कळल्यावर एक दिवस तिने विचारलं, "ताई, अभ्यास नक्की कसा करू? जाड पुस्तक पहिल्या पानापासून वाचू, क्लास लावू, की नुसते प्रश्न सोडवत सुटू?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधताना मला माझं स्वतःचं शिक्षण नव्याने तपासावं लागलं. म्हणून या अंकाचं संपादकीय त्यावरच लिहिते आहे.

काही जणी म्हणतील, आपल्या मुली परदेशी जाव्यात म्हणून आपण कशाला मदत करायची? २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती, की अगदी लहान खासगी हॉस्पिटलातही नर्सचा पगार महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी असू नये. शिफारस करावी लागली, यातच सगळं आलं. जावं की राहावं हा निर्णय तिचा आहे. तो तिला मोकळेपणी घेता यावा, एवढंच आपलं काम.

आता परीक्षेबद्दल. १९९४ पासून ती संगणकावर होते. २०१५ पासून कॅनडानेही तीच स्वीकारली आहे. तिची रीत आपल्या परीक्षांहून वेगळी आहे. सगळ्यांना एकच पेपर नसतो. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड येतो, चुकलं की थोडा सोपा. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५० आणि वेळ पाच तासांचा. ही बाई सुरक्षितपणे काम करू शकेल की नाही याची संगणकाला ९५ टक्के खात्री झाली, की परीक्षा तिथेच थांबते. एप्रिल २०२३ पासून त्यात एकाच पेशंटची हकिकत पुढे पुढे उलगडत नेणारे प्रश्नही आले आहेत: कोणती लक्षणं महत्त्वाची, त्यांचा अर्थ काय, धोका कुठला, काय कराल, आणि केल्यावर फरक पडला का.

ही परीक्षा स्मरणशक्तीपेक्षा निर्णय तपासते. एक नमुना बघा. तुमच्याकडे चार पेशंट आहेत. एकाची कालच हर्नियाची शस्त्रक्रिया झाली आहे आणि त्याला दुखतं आहे. दुसरीचा इन्सुलिनचा डोस द्यायची वेळ झाली आहे. तिसऱ्याला डिस्चार्ज मिळाला असून तो कागदांसाठी घाई करतो आहे. चौथीचं सकाळी थायरॉइडचं ऑपरेशन झालं आहे आणि श्वास आत घेताना शिटीसारखा आवाज येतो आहे. आधी कोणाकडे जायचं? घाई करणारा सगळ्यात मोठ्याने बोलतो, पण जायचं चौथीकडे. तिची श्वासनलिका दाबली जात असेल, तर हातात काही मिनिटंच असतात.

सरकारी वॉर्डात चाळीस-चाळीस पेशंट एकटीने सांभाळणारी सिस्टर असे निर्णय रोज घेते. पण ते निर्णय आहेत असं तिला कोणी सांगितलेलं नसतं. मी शिकले तेव्हा आम्हाला शिकवलं ते आज्ञापालन. डॉक्टर राउंडला आले की उभं राहायचं, सांगितलं ते लिहून घ्यायचं, उलट विचारायचं नाही. पुढे मी शिकवायला लागले तेव्हा मीही मुलींकडून व्याख्या पाठ करून घेतल्या, हे आज कबूल करते. म्हणून आमच्या या सिस्टरने सराव सुरू केला तेव्हा 'डॉक्टरांना कळवा' असा पर्याय दिसला की ती डोळे मिटून तोच निवडायची. कधी तो बरोबरही असतो. पण पुष्कळदा आधी पेशंट तपासायचा असतो, ऑक्सिजन लावायचा असतो, चालू असलेलं रक्त थांबवायचं असतो, आणि मग कळवायचं असतं.

म्हणून मी तिला सांगितलं, पुस्तकापासून सुरुवात करू नकोस. काहीही न वाचता आधी ८५ प्रश्नांची एक सराव परीक्षा दे. मग चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे कारण लिही. कारणं तीनच असतात. एक, मला हे माहीतच नव्हतं. दोन, प्रश्न नीट वाचला नाही. तीन, माहीत होतं, पण आधी काय आणि नंतर काय हे ठरवता आलं नाही. पहिल्या प्रकारच्या चुका जास्त असतील तर तेवढा विषय पुस्तकातून कर, गरज वाटली तर क्लास लाव. दुसऱ्या प्रकारच्या असतील तर वेग कमी कर. तिसऱ्या प्रकारच्या असतील तर कितीही वाचलंस तरी उपयोग नाही. रोज थोडे प्रश्न सोडव, आणि बरोबर आलेल्या उत्तराचंही स्पष्टीकरण वाच.

यामागे निव्वळ माझा अनुभव नाही. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. गंमत म्हणजे आपल्याला चांगलं लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती.

काही भाग मात्र आपल्या मुलींना मुळापासून शिकावे लागतात. तिथे कुठलं काम मदतनिसाकडे सोपवायचं आणि कुठलं नर्सनेच करायचं याचे स्पष्ट नियम आहेत. आपल्याकडे अंग पुसायला, भरवायला नातेवाईक असतात, त्यामुळे हा प्रश्नच कधी समोर आलेला नसतो. तसंच पेशंटच्या नकाराचं. शुद्धीवर असलेली, समजून-उमजून बोलणारी बाई 'मला हे ऑपरेशन नको' म्हणाली, तर नवऱ्याची सही घेऊन पुढे जाता येत नाही. आमची सिस्टर असल्या प्रश्नांत सुरुवातीला सारखी चुकायची. मग एकदा म्हणाली, "ताई, आमच्या वॉर्डात बाईला कोणी विचारतच नाही हो." अभ्यास करता करता तिला हे दिसलं, याचं मला फार बरं वाटलं.

राहिला वेळ आणि पैसा. परीक्षेची फी २०० डॉलर, अमेरिकेबाहेरचं केंद्र घेतलं तर आणखी १५०. नापास झाल्यास निदान ४५ दिवस थांबून पुन्हा फी भरायची. त्यामुळे 'पास होण्याची हमी' देणाऱ्या क्लासांच्या जाहिरातींना घाबरलेली मुलगी चटकन बळी पडते. पैसे भरण्याआधी तिने एकच गोष्ट विचारावी: माझ्या चुका कोण तपासणार?

आणि वेळ? अभ्यासाची वेळापत्रकं रोजचे सहा तास धरून चालतात. आमच्या सिस्टरने आपला आठवडा कागदावर मांडला तेव्हा ड्युटी, प्रवास, स्वयंपाक, मुलाची शाळा आणि सासऱ्यांची औषधं वजा जाता रोजचा एक तास उरला. तोच तास घेऊन ती इथे येत होती. मी म्हटलं, हा कागद घरी भिंतीवर लाव. तिने लावला. पहिले दोन दिवस घरात कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "डबा मी केला तर किती वेळ वाढेल?" सगळ्या घरांत असं होत नाही, हे मला माहीत आहे. पण मागितल्याशिवाय कुठेच होत नाही.

परीक्षा अजून व्हायची आहे. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. पण परवा ती सांगत होती, वॉर्डात एका पेशंटचा श्वास बदललेला तिला जाणवला, तिने आधी त्याला उठवून बसवलं, ऑक्सिजन लावला, मग फोन केला, आणि डॉक्टर आल्यावर काय केलं आणि का केलं ते न अडखळता सांगितलं.

तुमच्यापैकी कोणी अशी परीक्षा दिली असेल, देत असेल, किंवा घरातल्या कोणाला त्यासाठी वेळ काढून दिला असेल, तर जरूर लिहा. आमच्या मागच्या खोलीत टेबलाशी अजून तीन खुर्च्या आहेत.

— संपादक मंडळासाठी