‘डाऊन टू टू’ आणि पाठ केलेल्या याद्या

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. कॉलवर पलीकडे इंग्लंडमधला क्लायंट. त्याच्याकडे सहा सर्व्हर, मला त्यातला एक बाजूला काढून पॅच करायचा होता. तो म्हणाला, ‘वी आर डाऊन टू टू नोड्स.’ मी ऐकलं: दोन नोड्स डाऊन आहेत. सहातून दोन गेले, चार उरले. त्यातला एक काढला तरी तीन राहतात आणि रात्रीच्या ट्रॅफिकला तीन पुरतात. मी ‘ओके’ म्हणालो आणि एक काढला.

तो म्हणाला होता की आता फक्त दोनच उरलेत.

मी एक काढल्यावर एकच राहिला. तो काही मिनिटांत झोपला आणि पुढची चाळीस मिनिटं कोणालाही पैसे भरता येईनात. डॅशबोर्ड उघडून बघायला हवा होता, ती चूक माझीच. पण ऐकण्यातली चूक नेमकी कुठे झाली ते सांगतो. मला दोन्ही ‘टू’ ऐकू आले होते. त्यातला पहिला मला अडखळणं वाटला. ‘डाऊन’ला लागून येणाऱ्या ‘टू’साठी माझ्या डोक्यात जागाच नव्हती, म्हणून मी तो गाळून टाकला.

नंतर रिव्ह्यूमध्ये ‘कम्युनिकेशन सुधारा’ असा शेरा आला आणि एका ट्रेनिंगला बसवलं गेलं. तिथे एक पीडीएफ मिळाली: पाचशे फ्रेझल व्हर्ब्स, ए टू झेड. गेटची पंचवीस, पुटची वीस, टेकची अठरा. रोज दहा पाठ करा. मी इमानदारीत सगळी पीडीएफ चाळली. ‘डाऊन टू’ त्यात नव्हतंच. असणार तरी कुठून? यादी क्रियापदांची होती आणि त्या वाक्यात क्रियापद म्हणून नुसतं ‘आर’ होतं.

माझी तक्रार या यादीबद्दल आहे. ज्या पद्धतीने आपल्याला हे इंग्रजी शिकवतात, ती पद्धतच उलटी आहे.

साधी गोष्ट आहे. ‘लुक अप द वर्ड’ म्हणता येतं आणि ‘लुक द वर्ड अप’ही. पण ‘लुक ॲट द वर्ड’चं ‘लुक द वर्ड ॲट’ होत नाही. कारण ‘अप’ इथे क्रियापदाच्या बाजूचा आहे, म्हणजे क्रियाविशेषण. आणि ‘ॲट’ पुढच्या नामाच्या बाजूचा आहे, म्हणजे प्रिपोझिशन. बोलताना जोरही ‘अप’वर पडतो, ‘ॲट’वर सहसा पडत नाही. आता हे दोघं शेजारी आले की काय होतं? रन आऊट ऑफ. कॅच अप विथ. लुक डाऊन ऑन. पहिला शब्द दिशा सांगतो: वर, खाली, बाहेर, दूर, मागे. दुसरा त्या दिशेला एखाद्या वस्तूशी बांधतो. ‘डाऊन टू टू’ म्हणजे आकडा खाली आला आणि दोनवर येऊन थांबला. ‘टू’ गाळला की ‘डाऊन टू’ उरतं, म्हणजे दोन गमावले. एका प्रिपोझिशनमध्ये दोन सर्व्हरचा फरक.

आपल्या धंद्यातलंच बघा. ‘लॉग इन’नंतरचा ‘टू’ वेगळा लिहायचा की ‘इन’ला चिकटवून ‘इनटू’ करायचा, यावर कोड रिव्ह्यूमध्ये वाद घातलेले लोक मला माहीत आहेत. तो वाद या जोडीचाच आहे. ‘लॉग इन’ हे एक काम. ‘टू’ सांगतो कुठे. म्हणून काळजीपूर्वक लिहिणारे तो वेगळा लिहितात. रोल बॅक टू, ऑप्ट आऊट ऑफ, साइन अप फॉर: ही बटणं आपण रोज स्क्रीनवर टाकतो आणि त्यांचा साचा मात्र आपल्याला कोणी दाखवलेला नसतो.

साचा दिसला की याद्या लहान होतात. ‘विथ’ घ्या. चोर पैसे घेऊन पळाला तर तो ‘गॉट अवे विथ द मनी’. ‘अवे’ म्हणजे निसटला, ‘विथ’ म्हणजे बरोबर घेऊन. गुन्हा करून शिक्षेविना सुटला, तरी तेच: गॉट अवे विथ इट. वॉक अवे विथ, मेक ऑफ विथ ही त्याचीच भावंडं. कोणी ‘कम अप विथ ॲन आयडिया’ करतो तेव्हा तो कल्पना हातात घेऊन वर येतो; ‘कम डाऊन विथ फीव्हर’मध्ये ताप घेऊन आडवा होतो. ‘ऑन’ घ्या. रीड अप ऑन, ब्रश अप ऑन, कॅच अप ऑन: तिन्हीकडे ‘ऑन’नंतर विषय येतो. ‘आऊट ऑफ’ घ्या. मेमरी संपली, कॉलेज सोडलं, एखाद्याला लग्नाच्या विचारापासून परावृत्त केलं, सगळीकडे कशाच्या तरी बाहेर. पाचशे ओळींऐवजी सात-आठ दिशा आणि सहा-सात जोड. डेटाबेस नीट न मांडता तीच माहिती पाचशे रांगांत कॉपी केली, तर आपण इंजिनिअर लोक त्याला काय म्हणतो?

आता ‘कोप अप विथ’बद्दल. ऑफिसात हे कोणी म्हटलं की कॉन्व्हेंटवाले गालात हसतात. बरोबर इंग्रजी ‘कोप विथ’ आहे, मान्य. पण ही चूक येते कुठून? कीप अप विथ, कॅच अप विथ, पुट अप विथ ऐकून. ज्या पोराला साचा कोणी शिकवला नाही, त्याने तो स्वतः ओळखला आणि एका ठिकाणी जास्तीचा लावला. लहान मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतं तेव्हा आपण कौतुक करतो, त्याला नियम कळला म्हणून. मग सव्वीस वर्षांच्या माणसाला मीटिंगमध्ये हसायचं कारण काय? त्या हसण्याने तो पुढच्या वेळी बरोबर बोलत नाही, गप्प बसतो. मीही बसलो होतो. त्या रात्री ‘यू मीन ओन्ली टू आर लेफ्ट?’ एवढं विचारायला पाच सेकंद लागले असते. मी विचारलं नाही, कारण पुन्हा विचारणाऱ्याचं इंग्रजी कच्चं असतं असं मला वाटत होतं.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला: सगळं काही साच्यात बसत नाही. ‘पुट अप विथ’चा अर्थ सोसणं कसा होतो, हे शब्द सुटे करून कळत नाही. खरं आहे. पण मराठीत काय वेगळं आहे? ताप अंगावर काढला, काम अंगावर घेतलं, कुत्रा अंगावर आला, शर्ट अंगावर चढवला. परक्या माणसाला ‘अंगावर’चा अर्थ विचारला तर तो कपाळाला हात लावेल. काही गोष्टी वाक्यातच भेटाव्या लागतात. पण म्हणून उरलेल्याही वेगवेगळ्या करून पाठ करायच्या, हे कुठलं गणित? आणि दोन जोड एकमेकांवर चढवणं आपल्याला अजिबात परकं नाही. ‘मांजर टेबलाखालून गेली’ यात ‘खाली’ आहे आणि ‘ऊन’ही आहे. ‘सहावरून दोनवर आलो’ हे वाक्य माझी आजीही बोलेल. क्लायंट नेमकं हेच म्हणत होता. शाळेत एकदा कोणी फळ्यावर ही दोन वाक्यं शेजारी लिहिली असती, तर? पण इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं की आमच्याकडे दंड होता.

दुसरा आक्षेप: आता एआय आहे, कशाला डोकं शिणवायचं? माझं ‘कोप अप विथ’ एआय दुरुस्त करतो, आनंद आहे. पण मी चुकीचं ऐकून ‘ओके’ म्हटलं, ते कोण दुरुस्त करणार?

2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. माझी पिढी त्यातलीच, म्हणजे पदवीपर्यंत आम्ही पंधरा-सोळा वर्षं इंग्रजी शिकलो. त्यात टॉलरेट, पोस्टपोन, इन्व्हेस्टिगेट हे भारदस्त शब्द शिकलो आणि पुट अप विथ, पुट ऑफ, लुक इनटू हे रोजचे शब्द शेवटच्या प्रश्नातल्या रिकाम्या जागांसाठी ठेवले. परकीयांना सगळ्यात जड जाणारी गोष्ट हीच, हे सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं होतं. क्रियापदामागे एक छोटा शब्द येतो आणि अर्थ फिरतो. अडीचशेहून जास्त वर्षं झाली, आणि आपण अजून दोन मार्कांसाठी ‘योग्य प्रिपोझिशन भरा’ म्हणतोय.

माझं मागणं फार नाही. शिक्षकांनो आणि क्लासवाल्यांनो, पाचशेची पीडीएफ विकणं थांबवा. ‘अप’चं एक पान करा, ‘डाऊन’चं एक, ‘आऊट’चं एक. प्रत्येकाखाली कोणते जोड येतात ते लिहा आणि शेजारी मराठी वाक्य लिहायला लाजू नका. टीम लीड मंडळींनो, कोणी ‘कोप अप’ म्हणालं तर त्याच्या सर्व्हरचं काय झालं ते आधी ऐका.

आणि माझ्यासारख्यांनो, आकडा ऐकला की उलट विचारा. मी आता प्रत्येक कॉलवर विचारतो: म्हणजे किती उरले? परवा पलीकडच्या एकीने हसून सांगितलं, ‘गुड क्वेश्चन, आय मीन थ्री लेफ्ट.’ मी आधी चार धरले होते.