‘सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम’ म्हणून हात झटकू नका!

बिल चुकलं, पंप अवेळी बंद पडला, की एकच उत्तर : "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे साहेब." जणू आभाळातून गारा पडल्या! अहो, सॉफ्टवेअर माणूस लिहितो आणि खरेदीवर सहीसुद्धा माणूसच करतो.

२५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध. सौदी अरेबियातल्या दहरानला इराकचं स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं. २८ जण गेले. ते पाडायला ठेवलेली पॅट्रियट यंत्रणा चालू होती, पण तिचं वेळेचं गणित चुकलं होतं. ती वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायची. आपण एक भागिले तीन केलं की ०.३३३... संपतच नाही, कॉम्प्युटरच्या बायनरीत एक दशांशाचं तसंच होतं. २४ बिटांत मावलं तेवढं ठेवलं, उरलेलं छाटलं. फरक नगण्य. पण यंत्रणा सलग १०० तास चालली आणि तो साठत साठत सेकंदाच्या एक तृतीयांशावर गेला. तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणा भलतीकडेच शोधत राहिली.

चीड येते ती पुढे. चूक आधीच कळली होती! चार दिवस आधी सूचनाही गेली होती, की 'फार वेळ' सलग चालवलं तर गडबड होईल. फार वेळ म्हणजे किती तास? ते लिहिलंच नव्हतं. दुरुस्त सॉफ्टवेअर दहरानला पोचलं २६ तारखेला.

दुसरी तऱ्हा आकडा न मावण्याची. जुन्या स्कूटरचं मीटर ९९९९९ नंतर शून्यावर यायचं, तसं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकानं आदेश काढला : बोइंग ७८७ ची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली, तर जनरेटरची कंट्रोल युनिटं एकदम बंद पडू शकतात. कारण, आतला काउंटर भरतो.

म्हणणारे म्हणतील, "रीस्टार्ट करायचं की!" जरूर करा. पण किती दिवसांनी, हे लिहून कोण देणार?

१९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास भरणार आहेत. आज नगरपालिका घेते ते टायमर, कॅमेरे, पंपाचे कंट्रोलर तोवर चालायला हवेत ना? मग टेंडरमध्ये एक ओळ घाला : यंत्र सलग किती दिवस बिनचूक चालतं, काउंटर भरल्यावर काय होतं, हे पुरवठादारानं आकड्यात लिहून द्यावं.

एका ओळीला पैसे पडत नाहीत. पटलं तर आपल्या नगरसेवकाला टॅग करा आणि विचारा.