मुलांच्या संगतीत : राक्षसाचा वार कसा मोजावा?



‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ मुले खेळू लागली, की घरातील वडीलधारी मंडळी प्रथम विचारतात, “फासे आहेत, म्हणजे जुगार तर नव्हे?” प्रश्न रास्त आहे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी संपत्तीच्या नाशाची जी सहा द्वारे सांगितली, त्यांत जुगार आहेच. परंतु या खेळात पैसा लावला जात नाही. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली आणला. एकजण ‘डंजन मास्टर’ होऊन गोष्ट चालवतो व राक्षसांच्या वतीने फासा टाकतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन, एकजुटीने संकटाला तोंड देतात.

नवी मुले अडतात ती राक्षसाच्या हल्ल्यापाशी. २०१४ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधील गॉब्लिन घ्या. त्याच्या तलवारीपुढे ‘अधिक ४’ लिहिले आहे. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात ४ मिळवायचे. बेरीज समोरच्या पात्राच्या ‘आर्मर क्लास’इतकी वा जास्त झाली तर वार लागला. आर्मर क्लास १५ असेल तर फाशावर किमान ११ हवेत, म्हणजे वीसपैकी दहा वेळा वार लागेल. त्याच पात्राने ढाल घेतली की आर्मर क्लास १७ होतो आणि वीसपैकी आठच वेळा वार लागतो. दैवाला दोष देण्याआधी हे गणित मुलांकडून करवून घ्यावे. वार लागल्यावर इजा किती, हे वेगळ्या फाशाने ठरते. गॉब्लिनसाठी सहा बाजूंचा फासा अधिक २. वीस बाजूंच्या फाशावर थेट २० पडले तर वार लागतोच आणि इजेचे फासे दुप्पट होतात. वरचे २ मात्र दुप्पट होत नाहीत. थेट १ पडला तर वार हुकतोच.

‘मल्टिअटॅक’वरून वाद फार होतात. त्याच पुस्तकातील आऊलबेअर, म्हणजे घुबडाच्या तोंडाचे अस्वल, आपल्या पाळीला चोचीचा एक व पंजाचा एक असे दोन वार करते. दोन्हींसाठी फासा वेगवेगळा टाकायचा. एक लागला म्हणून दुसरा लागतोच असे नाही. एखादे पात्र त्याच्या टप्प्यातून पळू लागले, तर त्या संधीला मात्र एकच वार मिळतो, दोन नव्हेत. ड्रॅगनच्या आगीचे आणखी निराळे. तेथे ड्रॅगन नव्हे, पात्रच बचावाचा फासा टाकते. त्या वेळी चिलखताचा आकडा मोजत नाहीत.

डंजन मास्टरला नियम बदलण्याची मुभा आहे. पण तो बदल खेळापूर्वी सर्वांना सांगितला पाहिजे. ऐनवेळी एकासाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरा नियम लावला, तर खेळ धाकटपटशाचा होतो. लिखित नियमाचे मोल आपल्या समाजाला कुणी वेगळे सांगावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट पालकांनी पाहावी. २०१४ च्या त्या पुस्तकात ऑर्क नावाच्या जमातीपुढे ‘दुष्ट’ असा शिक्का होता. वाराचा आकडा बळ आणि सराव यांतून येतो. पण एक अख्खी जमात जन्मतःच दुष्ट, हे कोणत्या फाशाने ठरवले? त्यावर पुष्कळ टीका झाली. २०२४ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये ‘वंश’ हा शब्द काढला गेला आणि ऑर्क हे खेळाडूने निवडावयाचे पात्र झाले. २०२५ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये राक्षस म्हणून ऑर्कची वेगळी नोंदच उरली नाही. जन्म नव्हे, कृती पाहावी, हा वसल सुत्ताचा बोध मुलांना समजावयास हे उदाहरण चांगले आहे.

तेव्हा मुलांचे फासे हिसकावू नका. एक संध्याकाळ शेजारी बसा आणि त्यांना विचारा, “हा राक्षस कशावरून?”

जय भीम.