स्वभाव आणि समज

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण घरोघरी ऐकू येते. कोणी संतापाने वही भिरकावली, की ‘त्याचा स्वभावच तसा’ असे म्हणून सारे गप्प बसतात. ही म्हण सोयीची खरी, पण ती अर्धीच खरी आहे.

कोणी उपजत तापट असतो, कोणी लाजाळू, कोणी बडबड्या. हे गुण सहसा लवकर पालटत नाहीत. परंतु आपल्या मनात काय उसळले आहे ते ओळखणे, दुसऱ्याच्या मुद्रेवरून त्याचे दुःख ताडणे आणि मग कसे वागावे ते ठरविणे, ही निराळीच शक्ती आहे. सॅलोव्ही आणि मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ‘भावनिक बुद्धिमत्ता’ या नावाने तिचे विवेचन केले. शांत माणसाला ती काहीशी सुलभ असेलही. पण शांत दिसणारा माणूस दुसऱ्याच्या दुःखाविषयी अगदी आंधळा असू शकतो.

नाशिकच्या काळाराम मंदिरापाशी या शक्तीची कसोटी लागली. अस्पृश्य मानलेल्या लोकांना तेथे प्रवेश नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. सुमारे १५ हजारांची मिरवणूक मंदिराशी आली, तो दरवाजे बंद! दार कोणी फोडले नाही. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तेथे सभा भरली. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया दरवाजांपाशी ठाण मांडून बसल्या. असे जवळजवळ महिनाभर चालले.

इतके सारे लोक थंड प्रकृतीचे होते काय? शक्यच नाही. त्यांत कित्येक तापट असणार, आणि संतापाचे कारण तर प्रत्येकापाशी होते. तो संताप विझला असता, तर ती माणसे घरी परतली असती. त्यांनी तो ओळखला, आवरला आणि बंद दारासमोर बसून राहण्याच्या कामी लावला. उलट, दार लावून घेणाऱ्यांत मृदू बोलणारे गृहस्थही असतीलच; परंतु उन्हात बसलेल्या त्या स्त्रियांच्या मनात काय चालले आहे, हे त्यांना उमगले नाही. सौम्यपणा तेथे काय उपयोगी पडला?

९ एप्रिलला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. तरीही दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्याग्रह चालूच ठेवला. १९३४ साली बाबासाहेबांनी तो थांबविला, तेव्हाही दार बंदच होते. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ साली.