निर्णय कोणाचा?

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांपुढचा प्रश्न पुष्कळदा केवळ वैद्यकीय नसतो. वृद्ध रुग्ण बरा होण्याची आशा संपलेली असते, श्वसनयंत्र चालू असते आणि बिल रोज वाढत असते. एक मुलगा म्हणतो, ‘शेवटपर्यंत प्रयत्न करा’. दुसरा म्हणतो, ‘बाबांचे हाल थांबवा’. रुग्ण कल्याणला किंवा मुंबईला दाखल असला, तरी विठ्ठलवाडीतील कुटुंबे सल्ल्यासाठी आपल्या फॅमिली डॉक्टरकडेच येतात. अशा वेळी नीतिशास्त्र काय सांगते?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांची हकिगत वाचकांना ठाऊक असेलच. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर हल्ला झाला. साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत सुमारे ४२ वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांना अन्न भरवणे थांबवावे, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात केली. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी तिला ठाम विरोध केला.

बेंथॅम आणि मिल म्हणतात, कृतीचे मोल तिच्या परिणामावरून ठरवा. ज्याने दुःख कमी होईल ते योग्य. परंतु दुःख कोणाचे, रुग्णाचे की घरच्यांचे? या हिशेबात पैशाचा हिशेब नकळत शिरतो. कांट म्हणतो, कर्तव्य परिणामावर अवलंबून नसते आणि माणसाला केवळ साधन म्हणून कधीही वापरू नये. परिचारिकांची भूमिका या विचाराच्या जवळची होती. मात्र ‘लोक काय म्हणतील’ या भीतीपोटी मरणोन्मुख माणसाला नळ्यांत जखडून ठेवणे, हेही त्याला साधन बनवणेच नव्हे काय?

दोन्ही मापे प्रामाणिक आहेत, तरी त्यांची उत्तरे वेगळी येतात. अरुणाताईंच्या बाबतीत दोन्ही बाजू त्यांच्या वतीने बोलत होत्या. त्या स्वतः मात्र बोलू शकत नव्हत्या. माझ्या मते, ज्याचे शरीर त्याची इच्छा, हे तिसरे माप सर्वात महत्त्वाचे आहे.

७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने विराणी यांची याचिका फेटाळली, पण निष्फळ उपचार थांबवण्यास उच्च न्यायालयाच्या परवानगीने वाट मोकळी केली. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला व इच्छापत्रालाही मान्यता दिली. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. सज्ञान व्यक्तीने शुद्धीत असताना, दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावे. आपल्या वतीने बोलणाऱ्याचे नाव त्यात लिहावे. प्रत घरच्यांना, फॅमिली डॉक्टरला आणि महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या संबंधित अधिकाऱ्याला द्यावी. इच्छापत्र केव्हाही बदलता येते. वेळ आल्यावर डॉक्टरांची दोन मंडळे रुग्णाची अवस्था तपासून मगच निर्णय देतात.

दोन गैरसमज मात्र टाळावेत. श्वसनयंत्र म्हणजे शेवट नव्हे. न्यूमोनिया, सर्पदंश किंवा कीटकनाशकाची विषबाधा यांत तेच यंत्र प्राण वाचवते. तसेच उपचार थांबवणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे नव्हे. वेदना, धाप व तहान यांवरची शुश्रूषा अखेरपर्यंत चालू ठेवावीच लागते. प्राण घेण्यासाठी इंजेक्शन देणे हा आजही गुन्हाच आहे.

घरातील वडीलधाऱ्यांनी हा विषय अभद्र समजू नये. जमीनजुमल्याचे मृत्युपत्र आपण करतो. त्याचप्रमाणे अखेरच्या दिवसांबद्दलही दोन शब्द लिहून ठेवावेत. त्यामुळे मुलांच्या डोक्यावरचे मोठे ओझे उतरेल आणि भावाभावांत कायमचा दुरावा येणार नाही.