थरथरणारा हात आणि आपले कर्तव्य

भंडारा जिल्ह्यातील एकोडीसारख्या गावी एखाद्या वृद्धाचा हात थरथरू लागला, चाल मंदावली, की 'आता वय झाले' असे म्हणून घरची माणसे स्वस्थ बसतात. हा समज नेहमीच खरा नसतो. त्यामागे कंपवात असू शकतो. आणि कंपवातावर आज उपचार आहे.

जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरने १८१७ साली या रोगाचे वर्णन केले. परंतु मेंदूतील डोपामीन हे द्रव्य घटल्याने शरीर जखडते, हे १९६० च्या सुमारास उमगले. १९६७ पासून लेव्होडोपा या औषधाने खिळलेली माणसे पुन्हा हिंडूफिरू लागली. आमच्याच रानातील खाजकुयलीच्या बियांतून हे द्रव्य मद्रासच्या संशोधकांनी १९३७ सालीच वेगळे काढले होते, हे किती जणांस ठाऊक आहे? रोग अद्याप समूळ जात नाही. पण रुग्णाची उमेदीची वर्षे खचित वाढतात.

याच्या निदानास अवाढव्य यंत्रे लागत नाहीत. हालचालीतील मंदपणा, स्नायूंचा ताठरपणा आणि हात स्वस्थ असताना येणारा कंप ओळखणारी जाणती नजर लागते. औषध तर राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतच आहे. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांस व आशा सेविकांस ही लक्षणे शिकवावीत, आणि जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी मज्जाविकारतज्ज्ञ भेटावा, ही मागणी अवास्तव आहे काय? विज्ञानाने आपले काम बरेचसे केले आहे. ते खेड्याच्या उंबरठ्यापर्यंत नेणे हे शासनाचे आणि आपले काम आहे.