‘बोलेल की’ म्हणण्याआधी

दोन वर्षांचे मूल बोलत नसले, तर अकलूज परिसरातल्या घराघरांत उत्तर ठरलेले असते : ‘बोलंल की! त्याचा बा पण उशिराच बोलला हुता.’ आजीचे हे बोलणे मायेपोटीचे असते आणि बरेचदा ते खरेही ठरते. काही मुले उशिरा बोलू लागतात आणि पुढे बरोबरीला येतात. पण कोणते मूल नुसतेच उशिरा बोलणारे, कोणाला ऐकू येत नाही आणि कोणाला स्वमग्नता आहे, हे वाट पाहून कळत नाही, तपासूनच कळते.

असे विकार दुर्मीळ नाहीत. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वमग्नता, फिट येणे, सेरेब्रल पाल्सी, बहिरेपणा, बौद्धिक अक्षमता, अतिचंचलता अशा नऊ विकारांपैकी किमान एक विकार जवळपास आठ मुलांमागे एकाला आढळला. त्यातील सुमारे पाचव्या हिश्श्याच्या मुलांना एकाहून अधिक विकार होते.

खुणा घरातच दिसतात. नऊ महिन्यांचे बाळ आधाराशिवाय बसत नाही; वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही; दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही किंवा हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही; दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नाही. आलेले शब्द किंवा आलेली हालचाल मूल विसरू लागले, तर वय कोणतेही असो, लगेच डॉक्टर गाठावा. यातली एखादी खूण म्हणजे विकार नव्हे. ती तपासणीची वेळ झाल्याची सूचना आहे.

बोलण्यात उशीर असेल, तर आधी कान तपासायला हवेत. स्वमग्नता रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही. मुलाचे खेळणे, पाहणे, प्रतिसाद देणे बारकाईने बघून आणि पालकांशी सविस्तर बोलून जाणकार डॉक्टर तिचे निदान करतात. ते दोन वर्षांच्या सुमारासही होऊ शकते. अध्ययन अक्षमता मात्र मूल शाळेत लिहू-वाचू लागल्यावरच ठरवता येते. ‘मोबाइल बंद करा, बोलेल’ हा सल्ला अलीकडे सगळीकडे ऐकू येतो. मोबाइल बंद करणे चांगलेच. पण तेवढ्यावर तपासणी टळू नये. आणि विकाराला नाव मिळेपर्यंत उपचार थांबवण्याचेही कारण नाही. पहिल्या तीन वर्षांत मेंदू झपाट्याने घडत असतो. वाचाउपचार, व्यायाम, श्रवणयंत्र यांचा लाभ जितका लवकर, तितका अधिक.

यासाठी व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाली. त्यानुसार आरोग्य पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासायची आणि शंका असलेल्या मुलाला जिल्हा पातळीवरील केंद्राकडे पाठवायचे, अशी रचना आहे. अडचण पुढे आहे. अकलूजहून सोलापूर शंभर किलोमीटरहून अधिक लांब. एकदा तपासणीला जाणे जमते. पण वाचाउपचार आठवड्यामागून आठवडे चालतात. दर खेपेला एसटीचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळी उपचार सुटतात, ते आईवडिलांच्या निष्काळजीपणामुळे नव्हे. ऊसतोड कामगारांच्या मुलांची स्थिती आणखी बिकट. गावच्या अंगणवाडीत पथक येते, तेव्हा मूल फडावर असते. फडाजवळच्या अंगणवाडीत त्याचे नावच नसते.

म्हणून मागणी साधी आहे. अकलूजच्या उपजिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी बालविकास तपासणी आणि वाचाउपचार मिळावेत. गळीत हंगामात पथकाने कोप्यांवरही जावे. अंगणवाडी सेविकेने शंका नोंदवलेल्या प्रत्येक मुलाचे पुढे काय झाले, हे तिला कळवले जावे. घरच्यांनीही एवढे करावे : मूल बोलेल, ही आशा ठेवावी आणि तपासणीही करून घ्यावी. तपासणीत काही निघाले नाही, तर एक दिवस गेला एवढेच. निघाले, तर मुलाची वर्षे वाचतील.